आरेतल्या पाड्यांची शाळावाट

मुलांनो, गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की रिक्षांची रांग, फेरीवाल्यांचा ओरडा आणि वडापावचा वास एकदमच अंगावर येतो. तिथून महामार्ग ओलांडायचा. पलीकडे आरेचा नाका लागतो. नाका मागे पडला की पाच मिनिटांत काय जादू होते कोण जाणे, गाड्यांचा आवाज विरतो, रस्त्यावर झाडांची कमान येते आणि हवा चटकन गार लागते. नवखा माणूस हमखास विचारतो, "आपण मुंबईतच आहोत ना?"

होय, मुंबईतच! हा रस्ता तसाच पुढे पवई-मरोळकडे, म्हणजे अंधेरीच्या अंगाला निघतो. पण रस्ता सोडून डावी-उजवीकडच्या पायवाटांनी आत गेलं की पाडे लागतात. खांबाचा पाडा, केलटी पाडा, जीवाचा पाडा, नवशाचा पाडा, चाफ्याचा पाडा... नावं ऐकूनच जावंसं वाटतं की नाही? असे सत्तावीस पाडे आरेत आहेत असं सांगतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशी कुटुंबं इथे राहतात. पुढारी बोलतात त्या 'आदिवासी भागा'त जायला आपल्याला वाटतं एस.टी.ने आठ तास लागतील. इथे तर गोरेगाव स्टेशनवरून अर्धा तास पुरतो.

आरे हे नाव तुम्हांला दुधामुळे माहीत असेल. फार पूर्वी मुंबई शहरात दाटीवाटीने म्हशींचे गोठे होते. त्या म्हशी शहराबाहेर हलवून एका जागी नीट सांभाळाव्यात म्हणून १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ही दूध वसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्‌घाटन झालं. जागा केवढी, तर सुमारे १२८७ हेक्टर. गोठ्यांना 'युनिट' म्हणतात आणि त्यांना नंबर असतात. इथला माणूस पत्ता सांगतो तोही तसाच, "अमक्या नंबरच्या युनिटच्या मागे, चिंचेच्या खाली." पण गंमत बघा, म्हशी आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून वारल्यांची भातखाचरं इथे होती. कागदावर मात्र म्हशींचे नंबर आहेत आणि माणसांचे नाहीत! ही थट्टा नाही बरं का. या कागदाची गोष्ट पुढे येणारच आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. एकदा आमच्या चौथीच्या वर्गात आफ्रिकेतल्या मसाई लोकांची माहिती चालली होती. केनिया आणि टांझानिया या देशांत राहणारे हे गुराखी लोक. अंगावर लालभडक वस्त्र, गळ्यात मण्यांच्या माळा, घरांभोवती काटेरी कुंपण आणि गाई हीच सगळी संपत्ती. तिथल्या काकेन्या नताइया नावाच्या बाईंची गोष्ट मी मुलांना सांगितली. काकेन्या पाच वर्षांची होती तेव्हाच तिचं लग्न ठरलं होतं. तिला व्हायचं होतं शिक्षिका. शाळा पुरी करू द्या म्हणून ती वडिलांपाशी हटून बसली. पुढे अमेरिकेतल्या कॉलेजात जायची संधी आली, पण प्रवासाला पैसे कुठले? ते गावाने गोळा केले. "शिकून परत येईन आणि गावासाठी काहीतरी करीन," असं तिने गावाला वचन दिलं होतं. ती डॉक्टरेटपर्यंत शिकली आणि २००९ मध्ये आपल्या एनुसेन गावात तिने मुलींची शाळा काढली.

केनियात २००३ पासून प्राथमिक शाळेची फी माफ आहे. तरी मसाई मुलींची गाडी पुढे अडते. शाळा दूर, वाटेत रान, घरी पाणी आणायचं, धाकटी भावंडं सांभाळायची आणि वर लग्नाची घाई. म्हणून ठिकठिकाणी लहान लहान मंडळं पैसे जमवून एकेका मुलीचा खर्च उचलतात.

गोष्ट संपली तशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्याकडे असतात का अशा मुली?"

मी खिडकीकडे बोट केलं. आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरून आरेची हिरवी रेघ दिसते.

आम्ही काही जण तेव्हा नुकतेच पाड्यांवर जाऊ लागलो होतो. आज आमची छोटीशी संस्था आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण ही काही जाहिरात नव्हे. संस्था नोंदवायची तर निदान सात माणसं लागतात, हे आम्हांला नोंदणी करायला गेल्यावर कळलं. आम्ही सहाच होतो! तीन शिक्षिका, एक नर्सताई, एक शिंपीकाका आणि बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा. सातवे म्हणून आम्हांला रोज नाक्यावर सोडणारे रिक्षावाले काका झाले. आता वाटतं की सगळ्यांत कामाचे तेच.

तुम्ही म्हणाल, पैसे कशाला लागतात? शिक्षण तर मोफत आहे! बरोबर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. महानगरपालिकेच्या शाळेत तर दप्तर, वह्या, गणवेश, बूट धरून सत्तावीस वस्तू मिळतात. आपल्या राज्यात अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फीसुद्धा पडत नाही. मग अडतं कुठे?

अडतं ते सातवी-आठवीनंतर. जवळची शाळा संपते आणि हायस्कूल असतं स्टेशनकडे नाहीतर मरोळकडे. सत्तावीस वस्तू मागे राहतात. रोजचं जाणं-येणं, वह्या, प्रयोगवही, कंपास, गाईड, पावसाळी चपला, डबा, फॉर्म भरायचे पैसे असं सगळं एकदम घरावर येतं. आई पावसाळ्यात रानातला टाकळा, कुर्डू, शेवळं, करटोली खुडून आणते आणि पहाटे स्टेशनबाहेर विकायला बसते. बाप मिळेल त्या दिवशी मजुरीला जातो. अशा घरात थोरली मुलगी म्हणजे दुसरी आईच. तिने घरी राहावं असं मुद्दाम कोणी ठरवत नाही. एक दिवस धाकट्याला ताप येतो, ती शाळेत जात नाही. दुसऱ्या दिवशी आई बाजारात जाते. आठवड्याने गणित पुढे गेलेलं असतं, आणि मग तिलाच जावंसं वाटत नाही. कुठेही भांडण नाही, रडारड नाही. शाळा गळून पडते, झाडावरून पान गळावं तशी.

आम्ही सुरुवातीलाच दोन नियम केले. एक म्हणजे मुलीच्या घरी रोख पैसे द्यायचे नाहीत. बसचा पास, वह्यांचं बिल, चपला हे जिथल्या तिथे भागवायचं. दुसरा नियम, जुने कपडे आणि फाटकी दप्तरं घ्यायची नाहीत. लोकांना वाईट वाटतं, पण माझं मत ठाम आहे. जे आपण स्वतःच्या मुलीच्या पाठीवर देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलीला 'दान' म्हणून का द्यावं? एका गृहस्थांनी बरीच मोठी रक्कम देऊ केली होती. अट एवढीच की मुलींनी त्यांच्या नावाची पाटी हातात धरून फोटो काढायचा. मुलींना विचारलं. नववीतली एक म्हणाली, "पाटी धरायला आम्ही काय दुकानं आहोत?" रक्कम परत गेली. बँकवाले आजोबा दोन दिवस हळहळत होते, पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच चार ठिकाणी फोन करून चपलांपुरते पैसे उभे केले.

या नववीतल्या मुलीचंच सांगते. तिचं नाव छापू नका असं तिने मला बजावलंय. तिची शाळा दुपारची, सुटते पावणेसहाला. नोव्हेंबर-डिसेंबरात सहा वाजले की अंधारतं. बस मोठ्या रस्त्यावर सोडते आणि तिथून तिचं घर वीस-पंचवीस मिनिटांची पायवाट. वाटेवर दिवे नाहीत आणि बिबट्या आहे.

बिबट्या म्हटलं की तुमचे डोळे मोठे झाले ना? आरेला लागूनच बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ते शंभर चौरस किलोमीटरांहून थोडं मोठं आहे आणि अलीकडच्या गणनांत तिथे पन्नासच्या आसपास बिबटे आढळले आहेत. त्यांना उद्यानाची हद्द कुठे ठाऊक असणार! ते आरेत येतात, कुत्री पकडतात, बहुतेक वेळा माणसाला चुकवून निघून जातात. बहुतेक वेळा, पण नेहमी नाही. २०२१ मध्ये आरेत बिबट्याने लोकांवर हल्ले केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये एका लहान मुलीचा जीव गेला. तरीही पाड्यातले लोक बिबट्याला वैरी मानत नाहीत. त्यांचा देव वाघोबा. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या तीन जिल्ह्यांत अभ्यासकांना वाघोबाची दीडशे ठाणी आढळली. दिवाळीआधी वाघबारशीला त्याची पूजा होते. "तो त्याच्या वाटेने जातो, आम्ही आमच्या," असं त्या मुलीची आजी म्हणते. पण नात संध्याकाळी घरी येईपर्यंत तीच आजी उंबऱ्यावर बसून असते.

डिसेंबरात मुलीच्या वडिलांनी सांगितलं, "पुरे झाली शाळा. जीवापेक्षा पुस्तक मोठं नाही."

सांगा बरं, या बापाला काय उत्तर द्यायचं? तो चूक बोलत होता का? 'शिक्षणाचं महत्त्व' या विषयावरचं भाषण त्याला ऐकवायचं माझं काही धाडस झालं नाही. आमची रविवारची बैठक बसली. रोज रिक्षा करायची तर एकट्या तिच्यावर इतका खर्च आला असता की दुसऱ्या तिघींचे पास बंद करावे लागले असते. सकाळचं सत्र मिळतंय का ते विचारलं, पण त्या वर्गात जागा नव्हती. मग रिक्षावाले काका म्हणाले, "ती एकटी का येते? त्या वाटेवर आणखी तीन पोरी आहेत, एक कामावरून येते, दोघी क्लासहून." झालं! चौघींची वेळ जुळवली. मोठ्या रस्त्यावर दिव्याखाली एकमेकींची वाट बघायची आणि मगच निघायचं. दोन मोठ्या बॅटऱ्या घेतल्या. घोळक्याने चालायचं, मोठ्याने बोलायचं, उजेड पुढे टाकायचा, लहान मूल पुढे-मागे सोडायचं नाही, हे सगळं वनखात्याचे लोक सांगतातच. अंधार फारच झाला तर काका आपली शेवटची फेरी तिकडून काढतात आणि पैसे घेत नाहीत. वडिलांनी आठवडाभर स्वतः वाटेत उभं राहून पाहिलं. मग म्हणाले, "मार्चपर्यंत बघू."

त्या चौघींतली कामावरून येणारी होती तिची गोष्ट मात्र वेगळी. तीही आधी आमच्याकडेच होती, आठवीपर्यंत. मोठ्या इमारतीत घरकामाला लागली. महिन्याला रोख पैसे मिळतात, घर त्यावर चालतं. तिला परत आणायला आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ती हसून म्हणाली, "बाई, तुम्ही पास देता, मी घरात तांदूळ देते." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतं. तांदूळ देण्याइतका पैसा या छोट्या मंडळापाशी नाही. ती अजून त्या घोळक्यात बॅटरी घेऊन पुढे चालते आणि बाकीच्या तिघींना दप्तरं घेऊन घरी पोचवते.

आमच्या मुलींची सहल म्हणून आम्ही एकदा कोसबाडला गेलो होतो. बोरिवलीहून डहाणूची लोकल पकडली. २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते, हे छान झालं. विरार सोडलं की मग वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर... खाडीवरचा पूल आला तेव्हा सगळ्या खिडकीपाशी. डहाणूहून पुढे चिकूच्या वाड्या लागतात आणि मग कोसबाडची टेकडी.

इथे दोन बाई होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि लवकरच त्यांना वैधव्य आलं होतं. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथेच संपलं असं लोक धरून चालत. त्या मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९५७ च्या सुमाराला दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत आलं.

शाळा काढली, पण मुलं येईनात. का, ते पाहिलं तर काही जण वाटेला बुजत आणि काही जण गुरं राखायला जात. मग या बाईंनी काय करावं? मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाकडे न्यायची! वस्तीच्या अंगणात बालवाडी भरू लागली. 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण रोज ऐकतो, त्याचं मूळ तिथे आहे. आणि गुराखी मुलांसाठी निघाली कुरणशाळा. गुरं चरताहेत, शिक्षक तिथेच झाडाखाली बसलेत, दगड-पानं-बिया मोजून गणित चाललंय! मसाईंच्या मुलामुलींना अशी शाळा किती आवडेल, असं माझ्या मनात आलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. आमच्या मुलींना पुरस्कारांचं विशेष काही वाटलं नाही. त्यांना आवडली ती कुरणशाळेची गोष्ट. परतीच्या गाडीत त्यांचा विषय एकच, "आपल्या पाड्यात अशी का नाही?"

पुढच्या रविवारी त्यांनीच ती भरवली. आंब्याखाली गोणपाट अंथरून लहान मुलांना गोळा केलं. नववी-दहावीच्या मुली शिकवतात आणि मी बाजूला बसून वह्या तपासते. खरं सांगू? पहिली-दुसरीच्या मुलांना त्या माझ्याहून बऱ्या शिकवतात. पुस्तकातली मराठी आणि घरातली वारली बोली यांत अंतर आहे. मूल गप्प बसतं ते उत्तर येत नाही म्हणून नव्हे, प्रश्नच कळत नाही म्हणून. ताई घरच्या बोलीत विचारते आणि पोरं धडाधड उत्तरं देतात. डी.एड.ला आम्ही 'मातृभाषेतून शिक्षण' या प्रश्नावर पानंच्या पानं लिहिली होती. ते प्रत्यक्ष कसं दिसतं ते मला त्या आंब्याखाली कळलं.

आरे आता बदलते आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन दिवसांत दोन हजारांवर झाडं तोडली गेली, ते तुमच्या आईबाबांना आठवत असेल. त्या कारशेडसाठी पाड्यातली काही घरंही उठली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो धावू लागली आणि तिचं एका टोकाचं स्टेशन आरेच्या नावाचंच आहे. गार डब्यात बसून वांद्रे-कुर्ला संकुलात जाता येतं. आमची नववीतली मुलगी, आता ती बारावी झाली आहे, एकदा त्यातून जाऊन आली. "गाडी मस्त आहे," म्हणाली, "पण स्टेशनपासून घरापर्यंत बॅटरी लागतेच."

हो, ती बारावी झाली! तिला नर्स व्हायचंय. आमच्या नर्सताईंनी तिला फॉर्म कसा भरायचा ते शिकवलं. आणि इथे आला तो कागद. शिष्यवृत्तीसाठी आणि राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी १९५० च्या आधीपासूनचा पुरावा, म्हणजे वडिलांकडच्या कोणाचा तरी शाळेच्या दाखल्यासारखा जुना कागद, ज्यावर 'वारली' असं लिहिलेलं आहे. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. पणजोबांचा तर प्रश्नच नाही. आधी कोणी शाळेत गेलं नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून ही पुढे शिकू शकत नाही. घरची कुळी वारल्यांची, आजीने लग्नाच्या भिंतीवर काढलेला चौक सगळ्या पाड्याने पाहिलेला, घरातले लोक तारप्याभोवती नाचतात, पण यातलं काहीच पुरावा म्हणून चालत नाही.

अर्जाबरोबर वंशावळ द्यायची असते. ती लिहायला तिने कोरी दोनशे पानी वही घेतली. आजी सांगत गेली आणि ती लिहीत गेली. कोणाचा कोण, कोण कुठल्या पाड्यात दिला, कोण लहानपणी गेला. आजीला अक्षर येत नाही, पण सहा पिढ्यांची नावं तोंडपाठ. तीन रविवार हेच चाललं होतं. त्यात एक नाव आलं, आजोबांच्या चुलतभावाचं. "तो गेला होता थोडे दिवस शाळेत," आजी म्हणाली, "मास्तरांनी छडी मारली तसा पळून आला."

पळून आला, पण त्याआधी नाव घातलेलं होतं! बँकवाले आजोबा, मी आणि ती मुलगी असे तिघं त्या जुन्या शाळेत गेलो. तिथल्या कारकूनबाईंनी कपाटाच्या तळातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढून दिलं. पानं इतकी जीर्ण की उलटताना श्वास धरावा लागे. तासाभराने सापडलं. शाईने लिहिलेलं नाव, बापाचं नाव, पुढे 'वारली', आणि तारीख १९५० च्या आधीची. हजेरीचे दिवस एकूण एकोणीस.

त्या नोंदीचा उतारा आता अर्जाला जोडला आहे. दाखला अजून हातात आलेला नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा खेप आहे. काका सकाळी नऊला नाक्यावर रिक्षा घेऊन येणार आहेत, आणि आजी म्हणते की या वेळी तीही बरोबर येणार.